शब्दाला जागलेली माणसे

आपल्या मराठी घरांतून वडीलधारी मंडळी मुलांना एक ताकीद पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत : तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते. नौपाड्यातील आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी ही समजूत जितकी रुजलेली आहे, तितकीच ती आपल्या ख्रिस्ती घरांतही आढळते. उच्चारलेला शब्द वाऱ्यावर विरून जात नाही, त्याच्या अंगी काही सामर्थ्य असते, ही जाणीव फार जुनी आहे.

आपल्या धर्मग्रंथालाही ती परकी नाही. बायबलच्या पहिल्याच पानावर परमेश्वर बोलतो आणि प्रकाश होतो. यशया संदेष्टा देवाच्या शब्दाला पावसाची उपमा देतो. भूमी भिजवल्यावाचून पाऊस जसा माघारी फिरत नाही, तसा देवाचा शब्दही रिकामा परत जात नाही. संत योहान तर प्रभू येशूलाच ‘शब्द’ म्हणतो. तेव्हा बोललेल्या शब्दाला आध्यात्मिक सामर्थ्य असते की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला पडण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे : हे सामर्थ्य कशात असते?

अलीकडे काही प्रार्थनासभांतून ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर दिले जाते. नोकरी, आरोग्य, घर, परदेशगमन, जे हवे ते तोंडाने ठामपणे बोलावे, मिळाले असे जाहीर करावे, म्हणजे ते मिळतेच, असे तेथे सांगतात. आपल्यापैकी काही कुटुंबे दुःखाच्या प्रसंगी अशा सभांकडे वळतात आणि मागितलेले मिळाले नाही की आपली श्रद्धाच उणी पडली, असा दोष स्वतःला देत बसतात. ह्या कुटुंबांचे दुःख खरे आहे. म्हणूनच ह्या उत्तराची पारख करणे आवश्यक वाटते. ती करण्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. आपण राहतो त्या ठाण्याच्या इतिहासातच त्याची कसोटी सापडते.

ठाण्याचे चार साक्षीदार

इ. स. 1321. ठाणे हे त्या काळी परदेशी गलबतांची ये-जा असलेले बंदर होते आणि तेथे दिल्लीच्या सुलतानाच्या अधिकाऱ्यांचा अंमल होता. शहरात पौर्वात्य परंपरेतील ख्रिस्ती लोकांची, ज्यांना नेस्तोरियन म्हणत, अवघी पंधरा घरे होती. त्या वर्षी होर्मुझहून निघालेले एक गलबत ठाण्याच्या बंदराला लागले. त्यात फ्रान्सिस्कन संघाचे चौघे जण होते : तोलेंतिनोचे फादर थॉमस, पादुआचे बंधू जेम्स, सिएनाचे बंधू पीटर आणि तिफ्लिसचे बंधू देमेत्रियस. त्यांच्यासोबत डोमिनिकन संघाचे फादर जोर्दानुस हेही होते. ह्या मंडळींना जायचे होते केरळातील कोल्लमला; पण येऊन पोहोचली ती आपल्या गावाला. एका ख्रिस्ती घराने त्यांना आसरा दिला. फादर जोर्दानुस सोपाऱ्याच्या बाजूला धर्मकार्यासाठी गेले आणि चौघे ठाण्यातच राहिले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ कोणत्याही धर्मचर्चेतून झाला नाही. ज्या घरी हे पाहुणे उतरले होते, त्या घरात एके रात्री नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारहाण केली. दुसऱ्या दिवशी ती बाई काझीकडे दाद मागायला गेली. ‘पुरावा काय?’ असे काझीने विचारताच तिने सांगितले की, घरात त्या वेळी चार फिरंगी धर्मगुरू होते, ते साक्षीदार आहेत. ठाण्याच्या हुतात्म्यांच्या कथेतील हा तपशील आपण सहसा सांगत नाही. परंतु तो मोलाचा आहे. मार खाल्लेल्या एका स्त्रीला आपली बाजू मांडण्यासाठी साक्षीदार हवे होते आणि तिला ह्या चौघांची नावे सुचली. हे लोक पाहिले ते बोलतील, एवढा विश्वास तिला वाटला.

साक्षीचे निमित्त बाजूला राहिले. शास्त्र जाणणारी माणसे आली आहेत, त्यांच्याशी वाद करावा, असे तेथील कोणी सुचवले. बंधू पीटर सामानाची राखण करीत घरी थांबले आणि उरलेले तिघे काझीपुढे गेले. ख्रिस्त हा केवळ मनुष्य की देवही, असा प्रश्न झाला. साठी उलटलेल्या फादर थॉमस ह्यांनी आपली श्रद्धा सांगितली. मग इस्लामच्या प्रेषितांविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचे त्यांनी टाळून पाहिले. पण आग्रह वाढला, तेव्हा दिलेले उत्तर कठोर होते. जमाव खवळला. शहराच्या मलिकाने त्यांना खाडीपलीकडे पाठवून वाचवण्याचा प्रयत्न केला, परंतु काझीच्या माणसांनी रात्री त्यांना गाठून ठार केले. तो दिवस होता 9 एप्रिल, झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. दोन दिवसांनी, 11 एप्रिलला, घरी राहिलेल्या बंधू पीटर ह्यांनाही हौतात्म्य आले.

फादर जोर्दानुस ह्यांनी आपल्या साथीदारांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे पोर्देनोनेचे फ्रान्सिस्कन प्रवासी बंधू ओदोरिक ठाण्याला आले आणि त्यांनी त्या अस्थी सोबत घेऊन चीनमधील आपल्या संघबंधूंच्या स्वाधीन केल्या. हा सारा वृत्तांत आपल्याला मुख्यतः ओदोरिक ह्यांच्यामुळे कळतो आणि तोही त्यांनी स्वतः लिहिलेला नाही. 1330 साली पादुआ येथे त्यांनी तो तोंडाने सांगितला आणि दुसऱ्या एका बंधूने उतरवून घेतला. 1894 साली पोप तेरावे लिओ ह्यांनी फादर थॉमस ह्यांच्या ‘धन्यवादित’ म्हणून होणाऱ्या सन्मानाला मान्यता दिली.

ह्या कथेचे वाचन करताना दोन गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे. पहिली ही की, हा वृत्तांत एका पक्षाचा आहे आणि तरीही मलिकाने त्यांना वाचवू पाहिले, हे तो मोकळेपणाने नोंदवतो. म्हणून ह्या घटनेचे ओझे आजच्या आपल्या मुसलमान शेजाऱ्यांवर कोणी लादू नये. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या श्रद्धेची कबुली देणे आणि दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाविषयी कठोर बोलणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन विश्वपरिषदेने अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात मुसलमान बांधवांविषयी आदर व्यक्त केला आहे. चौदाव्या शतकातील वादविवादाची रीत आज आपली नाही. त्या चौघांकडून आपण घ्यायची ती साक्ष. वादाची धार नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या तिघांच्या तोंडच्या शब्दांनी त्यांना काय मिळवून दिले? ऐहिक अर्थाने काहीच नाही. शब्दांनी त्यांचे प्राण वाचले नाहीत. उलट शब्दांमुळेच ते गेले. बोलल्याप्रमाणे सुख मिळते, हीच जर शब्दाच्या सामर्थ्याची खूण मानली, तर ठाण्याच्या ह्या हुतात्म्यांची श्रद्धा अपुरी होती असे म्हणावे लागेल. असे म्हणायला आपली जीभ रेटणार नाही. मराठीत ‘शब्दाला जागणे’ असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. माणूस शब्द उच्चारतो आणि मग त्या शब्दाने बांधला जातो. ख्रिस्ती शब्दाचे सामर्थ्य ह्या बांधले जाण्यात आहे.

दोन दुभाषे

बंधू देमेत्रियस हे धर्मगुरू नव्हते. ते साधे संघबंधू होते आणि भाषा जाणत असल्यामुळे दुभाषाचे काम करीत. दुभाष्याचा शब्द स्वतःचा नसतो, असे आपण म्हणतो. तो दुसऱ्याचे बोलणे फक्त पोहोचवतो. परंतु त्या एप्रिलमध्ये भाषांतर करणाऱ्यालाही बोलणाऱ्याइतकीच किंमत मोजावी लागली.

पावणेतीनशे वर्षांनी हीच कथा आपल्या खाडीपलीकडच्या एका सुपुत्राच्या आयुष्यात पुन्हा घडली. वसईला पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता ह्यांच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांच्या हाताखाली शिकले आणि तरुणपणीच जपानला गेले. जपानी भाषेवर त्यांनी असे प्रभुत्व मिळवले की, 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता राजदूत म्हणून हिदेयोशीच्या दरबारात गेले, तेव्हा त्यांचे दुभाषे म्हणून बंधू गोन्सालो सोबत होते. तेही फ्रान्सिस्कन संघाचे, तेही धर्मगुरू नसलेले संघबंधू. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसावर खिळण्यात आले, त्यांत ते होते. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि ते भारतभूमीचे पहिले संत ठरले.

उत्तर कोकणाच्या ख्रिस्तसभेने आदरावे असे हे दोघे हुतात्मे दुभाषे असावेत, ह्यात मोठा अर्थ आहे. पवित्र शब्द ज्याच्या त्याच्या भाषेत पोहोचवणे हे दुय्यम काम नाही. संत पौल म्हणतो त्याप्रमाणे श्रद्धा ऐकण्यातून येते. आणि ऐकणाऱ्याला कळलेच नाही, तर त्याने ऐकले असे कसे म्हणावे?

शाळेतील घंटा आणि देवळातील पुराण

संत फ्रान्सिस झेवियर हे वसईला येऊन गेले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची धर्मशिक्षणाची पद्धत सर्वस्वी तोंडी होती. गोव्यात ते हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत आणि मुले गोळा करीत. दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांनी क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, ‘हे आमच्या बापा’ आणि ‘नमो मरिया’ ह्या प्रार्थना तमिळ भाषेत करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि लोकांकडून मोठ्याने म्हणवून घेतल्या. मोलुक्का बेटांविषयी त्यांनी लिहिले की, मुले रस्त्यात, स्त्रिया घरात, शेतकरी शेतात आणि कोळी समुद्रावर ह्या प्रार्थना गातात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत धर्म पोहोचला तो कानांनी, आणि टिकला तो जिभेवर.

ह्याच मार्गाचे सर्वांत भव्य फळ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. 1579 साली गोव्यात उतरलेल्या ह्या इंग्रज येशूसंघीयाने गोव्याच्या साष्टीत जन्म वेचला. (गोव्यातील साष्टी वेगळी आणि ठाणे ज्या बेटावर वसले आहे ती आपली साष्टी वेगळी, नाव मात्र एकच.) ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी दुपारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चालू असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढे येतो आणि सांगतो की, प्रार्थना व आज्ञा शिकवता ते चांगलेच, परंतु आमची पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी ऐकायला काही द्या. हे मागणे फादर स्टीफन्स ह्यांनी मनावर घेतले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे पुराण 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीचे गुणगान आपण अभिमानाने सांगतो. परंतु हा ग्रंथ डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हे, तर सभेत म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी रचला होता, हे विसरतो.

ह्याचा पुरावा त्याच्या पुढील इतिहासातच आहे. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी लोकभाषा टाकून देण्याचा हुकूमही काढला. असे असूनही पुराण नष्ट झाले नाही. लोक त्याच्या हस्तलिखित प्रती करीत राहिले आणि घरोघर म्हणत राहिले. अखेर 1907 साली जोसेफ सालढाणा ह्यांनी मंगळूर येथे ते पुन्हा छापले. कागद गेला, शब्द राहिला.

आपल्या भागाचे स्वतःचेही पुराण आहे, ह्याची आठवण मात्र आता थोड्यांनाच उरली आहे. फादर फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराँइस ह्यांनी प्रभूच्या दुःखसहनावर रचलेले हे काव्य 1659 साली लिस्बन येथे छापले गेले. त्याची भाषा वसई-मुंबईकडच्या बोलीला जवळची. उपवासकाळात आपल्या ईस्ट इंडियन घरांतून हे पुराण गाइले जाई. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिला प्रभूच्या यातनांचा क्रम पाठ असे.

क्रूसाजवळची प्रार्थना

1737 साली ठाणे आणि 1739 साली वसई मराठ्यांच्या ताब्यात आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर तिच्या आश्रयाने आलेले युरोपीय धर्मगुरू बव्हंशी निघून गेले. राज्यकर्त्यांच्या बळावर जो धर्म उभा होता, तो राज्य जाताच कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही. थोड्या एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधारावर आणि घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवर तो तगला. मोठ्या मठांच्या भिंती पडल्या आणि त्यांवर झाडे उगवली. पण आजीने नातवाला शिकवलेली ‘नमो मरिया’ पडली नाही.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि उपनगरांत, गावठाणांत पसरला. त्या काळात ईस्ट इंडियन वस्त्यांतून ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले. तिन्हीसांजेला लोक क्रूसाजवळ जमत आणि जपमाळ व लितानी म्हणत. त्या प्रार्थनेनंतरही माणसे दगावली, हे त्यांना दिसत होते. प्रार्थना म्हणजे प्लेगवरचा मंत्र असे ते मानत असते, तर पहिल्या मृत्यूनंतरच क्रूसाजवळची गर्दी ओसरली असती. ती ओसरली नाही. ज्या दिवसांत आजाऱ्याला शेजारी टाळत आणि घरे ओस पडत, त्या दिवसांत रोज एकत्र उभे राहून एकमेकांच्या आवाजाला आवाज देणे, हेच त्या प्रार्थनेचे फळ होते. आजही अनेक क्रूसांजवळ मे महिन्यात जपमाळ म्हटली जाते.

शब्दाला जागणे

ख्रिस्तसभेने हे सत्य आपल्या संस्कारांतच गोवून ठेवले आहे. स्नानसंस्कारात पाण्याबरोबर शब्द उच्चारावे लागतात. आणि मरणासन्न बालकासाठी धर्मगुरू मिळत नसेल, तर शेजारची परिचारिकाही ते पाणी ओतून ते शब्द म्हणू शकते. पापनिवेदनात मनातल्या मनात केलेला पश्चात्ताप पुरत नाही, जीभ उघडावी लागते. आणि क्षमेचा शब्दही कानांनी ऐकावा लागतो. विवाहात तर धर्मगुरू केवळ साक्षीदार असतो. वधू आणि वर एकमेकांना वचन देतात, त्या वचनानेच विवाह होतो. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात, असे ते म्हणतात तेव्हा सुखच लाभेल असा दावा ते करीत नाहीत. दुःख आले तरी मी येथेच असेन, असे स्वतःला बांधून घेतात. पंचवीस वर्षांनी अर्धांगवायू झालेल्या पतीला भरवणारी पत्नी आपण सर्वांनी पाहिली आहे. वेदीपुढे उच्चारलेल्या शब्दाचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर ते तेथे पाहावे.

प्रभू येशूनेही दोन्ही बाजूंनी सावध केले आहे. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो, अशा समजुतीने बडबड करू नका, असे तो सांगतो. आणि नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गराज्यात जाणार नाही, असेही बजावतो. मागू नका, असे मात्र तो कुठेही म्हणत नाही. आजारी लेकरासाठी आईने देवाकडे अवश्य मागावे, रडून मागावे. गेथशेमानीच्या बागेत प्रभूनेही मागितले. आणि मागून झाल्यावर पित्याची इच्छा पूर्ण होवो, असे म्हणाला. मागितलेला प्याला दूर झाला नाही. म्हणून कोणी त्याची श्रद्धा उणी ठरवील काय? ज्या घरची प्रार्थना मनासारखी फळली नाही, त्या घराने हा प्रसंग हृदयाशी धरावा.

4 डिसेंबर 1963 रोजी व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजाने लोकभाषांना वेदीचे दार उघडले. लॅटिन मिस्सा ऐकत शांतपणे जपमाळ ओढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना त्यामुळे स्वतःच्या भाषेत उत्तर देता येऊ लागले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषवले, तेव्हा ह्या मार्गाने किती अंतर कापले गेले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. बायबल सुबोध मराठीत आणण्यासाठी त्यांनी वेचलेले परिश्रम हेही दुभाष्याचेच काम होते. 2024 साली ते प्रभूघरी गेले.

दार उघडले खरे. घरात मात्र आवाज मंदावला आहे. नौपाड्यासारख्या वस्तीत आपली कुटुंबे इमारतींतून विखुरली आहेत. कोणी ईस्ट इंडियन, कोणी गोवेकर, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे. मुले इंग्रजी शाळेत जातात आणि प्रार्थना इंग्रजीतून शिकतात, ह्यात वावगे काही नाही. परंतु आजी एका खोलीत मराठीतून जपमाळ म्हणते आणि नातू दुसऱ्या खोलीत मोबाईलवर असतो, हे चित्र घरोघरी दिसते. जपमाळेची रचनाच अशी आहे की, ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध एकाने म्हणावा आणि उत्तरार्धाने इतरांनी उत्तर द्यावे. आजीला दोन्ही भाग एकटीलाच म्हणावे लागतात. रुग्णशय्येपाशी गेलो की हे फार तीव्रतेने जाणवते. पुष्कळदा ओळख हरपलेली, लेकराचे नावही न आठवणारी वृद्धा बालपणीची प्रार्थना सुरू करताच ओठ हलवू लागते. त्या क्षणी तिला उत्तर देता येईल असे कोणी खाटेपाशी असावे, एवढीच तिची अपेक्षा असते.

ठाण्याच्या हुतात्म्यांना 9 एप्रिल 2021 रोजी सातशे वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी महामारीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे भाविकांना बंद होती. त्यामुळे त्या स्मृतीला साजेसा सोहळा होऊ शकला नाही. झाले ते झाले. दरवर्षी 9 एप्रिल येतोच. त्या संध्याकाळी प्रत्येक घराने दहा मिनिटे काढावीत. त्या चौघांची नावे मोठ्याने घ्यावीत, मार खाल्लेल्या त्या अनामिक बाईचीही आठवण करावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाने आपल्या भाषेतील एक प्रार्थना घरातील सर्वांत लहान मुलाकडून म्हणवून घ्यावी. मूल अडखळेल, अडखळू द्यावे. आपल्या वाडवडिलांनी हा शब्द असाच एकमेकांच्या तोंडून घेतला आणि त्याला जागले. तो पुढे देण्याची पाळी आता आपली आहे.